तालमीतला माणूस पडद्यावर

मालाड पश्चिमेला एस. व्ही. रोडवरून हिमांशू राय रोडला वळलं की बॉम्बे टॉकीज कंपाउंड लागतं. नाव शिल्लक आहे, स्टुडिओ नाही. लहानमोठे गाळे, वर्कशॉपं, माल चढवणारे-उतरवणारे टेम्पो. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा मालाड मुंबईच्या वेशीबाहेरचं, मोकळ्या हवेचं गाव होतं. आज मालाडमध्ये शूटिंग कुठे चालतं असं कुणाला विचारा, या कंपाउंडकडे कुणी बोट दाखवणार नाही. मार्वे रोड धरा, मालवणी मागे टाका, आक्सा, एरंगळ, मढ, अशी पश्चिमेची वाट सांगतील. तिथल्या बंगल्यांत, किनाऱ्यांवर आणि रिकाम्या आवारांत मालिका, वेबसिरीज आणि सिनेमे यांचं काम बाराही महिने चालू असतं.

या रस्त्यावर ‘फायटर’ नावाचा एक कामगारवर्ग येतो-जातो. सिनेमावाले स्टंट करणाऱ्याला फायटर म्हणतात, त्यांच्या म्होरक्याला फाइट मास्टर. हिरोच्या जागी उडी मारणारा तो डुप्लिकेट. मारामारीच्या दिवशी फायटरचं निम्मं काम कॅमेरा लागण्याआधीच झालेलं असतं. पँटच्या आत गुडघ्याची पॅडं, शर्टाच्या बाहीत कोपराची, पाठीला पट्टा, मनगटाला क्रेप बँडेज. वरून गुंडाचा नाहीतर हवालदाराचा पोशाख. कॅमेऱ्याला पॅड दिसता कामा नये, म्हणून ज्या दिवशी अंगात गंजिफ्रॉक असेल त्या दिवशी पॅडही नाही.

पहिल्या मजल्यावरून पडण्याचा शॉट असेल तर खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचतात. एकावर एक थर, सगळ्यांना बाहेरून दोरीचा वेढा, वर गाद्या. माणूस पडला की खोके एकेक करून चेपतात, आतली हवा निघून जाते आणि वेग थोडा थोडा मरतो. भरलेला खोका एक जरी आत राहिला तरी बरगडी गेली. पडतानाही पायांवर पडायचं नसतं, पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला टेकवून, हात पसरून. उंचावरून पडणाऱ्या कुठल्याही माणसाचं शरीर आपोआप पाय खाली करतं. ती उपजत खोड मोडायची, हेच पहिलं शिक्षण. ठोशाचंही तसंच आहे. मूठ तोंडासमोरून जाते, खाणाऱ्याची मान त्याच क्षणी वळते आणि कॅमेरा अशा बाजूला असतो की मधली वीतभर जागा दिसत नाही. म्हणजे ठोसा विकतो तो मारणारा नव्हे, खाणारा. त्याने उशीर केला तर शॉट खोटा, घाई केली तर हास्यास्पद.

हा अभिनयच आहे. वेळेचं भान, समोरच्याची नस, कॅमेऱ्याची जाण आणि वेदना दाखवण्याचं कसब, नटाला याहून वेगळं काय लागतं? तरीही आपल्या सिनेमाने अंगाचे पैसे वेगळे आणि चेहऱ्याचे पैसे वेगळे अशी वाटणी फार लवकर करून टाकली. ही भिंत ओलांडून गेलेले थोडे. त्यांतले पहिले दोन ठळक गडी मराठी सिनेमावर्तुळातले होते: मास्टर विठ्ठल आणि मास्टर भगवान. पहिला नाचातून मारामारीत आला, दुसरा मारामारीतून नाचात गेला. दोघांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवल्या की आजच्या मढच्या रस्त्यावरच्या फायटरचं भवितव्यही कळतं.

मुका पडदा, बोलकं अंग

गोष्ट कोल्हापुरापासून सुरू करावी लागते. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर हे पैलवानांचं आणि कलावंतांचं गाव झालं. १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, त्याच्या अंगणातच म्हणावं अशा अंतरावर काही वर्षांत नाट्यगृह आलं. पेठापेठांत तालमी, आखाड्याची लाल माती, मर्दानी खेळाची परंपरा: लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा, विटा. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० सालच्या त्यांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरले आणि तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच काळात. १९२३ साली ‘सिंहगड’ आला. पौराणिक भीमापासून ऐतिहासिक मावळ्यापर्यंत सगळ्या भूमिकांना लागणारी शरीरं कोल्हापुरात घरोघरी होती.

विठ्ठल याच कंपनीत घडला. लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत रंगमंचावर उभा राहिलेला हा मुलगा महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला तो संकलनाच्या कामाला, म्हणजे फिल्मचे तुकडे कापायला आणि चिकटवायला. पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’त, आणि तेही नर्तकीच्या वेशात. बायकांनी सिनेमात येणं अजून रूढ झालं नव्हतं, त्यामुळे नाटकातली स्त्रीपार्टीची रीत मुक्या पडद्यानेही उचलली होती. पुढे देशातला सर्वांत मोठा साहसी नायक म्हणून नाव काढणारा माणूस पदर सावरत पडद्यावर आला, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण नाचणाऱ्याला तोल कळतो, पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. त्यातून त्याने कात्री हाताळलेली. कोणती हालचाल पडद्यावर टिकते आणि कोणती कापून जाते, हे त्याने टेबलावर बसून पाहिलं होतं.

मुंबईत शारदा फिल्म कंपनी १९२५ साली निघाली. नानूभाई देसाई तिच्या संस्थापकांतले. १९२६ सालच्या ‘रतन मंजरी’ने विठ्ठल नायक झाला आणि मग तलवारी, घोडे, तटबंदीवरच्या उड्या, झुंबराला लोंबकळणं यांचा सपाटाच सुरू झाला. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स ‘मार्क ऑफ झोरो’, ‘रॉबिन हूड’, ‘थीफ ऑफ बगदाद’ अशा चित्रपटांतून हेच करत होता आणि ते चित्रपट आपल्याकडेही जोरात चालत होते. शारदावाल्यांनी विठ्ठलला ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून पेश केलं. मुक्या चित्रपटांच्या अखेरच्या वर्षांत तो सर्वांत महागड्या नटांपैकी एक होता. झेबुन्निसाबरोबर त्याची जोडी जमली होती.

मुक्या पडद्यावर भाषेची अडचण नव्हती. लाहोरच्या प्रेक्षकाला आणि मद्रासच्या प्रेक्षकाला विठ्ठलची उडी सारखीच कळत होती. शिकलेली मंडळी या चित्रपटांना नाकं मुरडत, पण तिकीटबारी चार आणेवाल्यांच्या जिवावर चाले. त्यांना अंगाची भाषा पुरेशी होती.

‘आलम आरा’चा बेशुद्ध नायक

मग ध्वनी आला. अर्देशिर इराणींच्या इम्पीरियल कंपनीने ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट करायला घेतला. ते काम मोठं किचकट होतं. स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ, त्यामुळे गाड्या बंद झाल्यावर रात्री उशिरा चित्रण करायचं. माइक लपवायचे. टॅनार यंत्रावर आवाज थेट फिल्मवरच उमटत असे, म्हणजे नंतर डबिंग करून सांभाळून घेण्याची सोय नाही. नायक म्हणून मेहबूब खानला ही भूमिका हवी होती. पुढे ‘मदर इंडिया’ काढणारा हा माणूस तेव्हा लहान कामं करत होता. पण पहिल्या बोलपटात पैसा अडकलेला, म्हणून खपणारं नाव हवं. निवड विठ्ठलची झाली.

विठ्ठलने शारदाचा करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना. खटला विठ्ठलच्या बाजूने गेला. मुंबईतला एक स्टंटनट आणि पुढे पाकिस्तानचा संस्थापक होणारा वकील एका बाजूला उभे, असं दृश्य आपल्या सिनेमाच्या इतिहासात पुन्हा दिसलं नाही.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. झुबेदा नायिका, पृथ्वीराज कपूर यांचीही भूमिका. सात गाणी. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आणि पहिल्या बोलपटाचा नायक पडद्यावर बराच वेळ गुंगीत होता. विठ्ठलची हिंदुस्थानी जीभ वळत नव्हती. उर्दू संवाद त्याच्या तोंडी बसेनात, तेव्हा व्यक्तिरेखाच अशी फिरवण्यात आली की तिला बोलायचे प्रसंग कमी यावेत. पाच वर्षं देशभर ज्याचं अंग बोलत होतं त्याला पहिल्या बोलपटात गप्प बसवून नायक केलं.

चित्रपट तुफान चालला, विठ्ठलची हिंदीतली सद्दी मात्र ओसरायला लागली. १९३३ च्या ‘आवारा शहजादा’त त्याने दुहेरी भूमिका केली. पुढे तो मराठी ऐतिहासिक चित्रपटांकडे वळला. तिथे भाषा घरची होती आणि तलवारही. तिथेही हळूहळू नायकाच्या जागी चरित्रभूमिका आल्या. १९६९ साली तो गेला. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे पहिल्या बोलपटात तो कसा दिसला हे आपण छायाचित्रांवरून ताडायचं.

विठ्ठल वाईट नट होता म्हणून मागे पडला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. यंत्र बदललं आणि त्याबरोबर अभिनयाची मोजपट्टीही बदलली. १९३१ च्या आधी अंग हे नटाचं मुख्य भांडवल होतं. नंतर ते जीभ झालं, गळा झालं, चेहऱ्याचा क्लोजअप झालं. अंग दुय्यम झालं, आणि दुय्यम काम दुसऱ्याकडून करून घेण्याची सोय झाली. डुप्लिकेटची गरज याच वाटणीतून वाढली.

मालाडचा सिनेमा आणि परळचा सिनेमा

आता पुन्हा मालाडला येऊ. बॉम्बे टॉकीज ही रीतसर भागभांडवल असलेली कंपनी होती. संचालक मंडळावर मुंबईतले बडे उद्योगपती आणि सर किताबवाले. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि प्रमुख तंत्रज्ञ जर्मनीहून आलेले. कामाला पदवीधर मुलं-मुली घ्यायची असा दंडक. अशोक कुमार तिथे आधी प्रयोगशाळेत होते, ‘जीवन नैया’च्या वेळी नायकाची जागा अचानक रिकामी झाली म्हणून कॅमेऱ्यासमोर आले आणि १९३६ सालच्या ‘अछूत कन्या’ने देशभर पोचले. आपल्या लीला चिटणीस पदवीधर, रंगभूमीवरून आलेल्या. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या मालाडच्या चित्रपटांनी त्यांना अखिल भारतीय नाव दिलं. घरंदाज माणसांनी घरंदाज प्रेक्षकांसाठी काढलेला हा सिनेमा. त्यात नायक हळू बोलतो, हळू चालतो आणि कुणाला मारायची वेळ आली तरी त्याचा सदरा चुरगळत नाही.

याच्या उलट टोकाला परळ-दादरचा सिनेमा होता. १९३५ साली वाडिया बंधूंनी ‘हंटरवाली’ काढला. चाबूक हाती घेतलेली नादिया पडद्यावर आली आणि गिरणगाव तिच्यावर फिदा झालं. याच गिरणगावात भगवान आभाजी पालव नावाचा पोरगा वाढत होता. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणीकामगार. शाळा लवकर सुटली, तालीम सुटली नाही. कुस्तीचं वेड आणि मुक्या चित्रपटांचं वेड एकाच वेळी लागलेलं. १९३१ साली, म्हणजे ‘आलम आरा’च्याच वर्षी, त्याने ‘बेवफा आशिक’ या मूकपटातून पडद्यावर पाऊल ठेवलं. मूकपट मरायला टेकले असताना त्यात शिरणं हा उशीरच होता.

भगवानने दुसरी वाट धरली. नुसतं पडायचं काम न करता पाडायचं कसं हेही शिकून घेतलं. १९३८ साली ‘बहादुर किसान’चं सहदिग्दर्शन केलं आणि मग दहा-अकरा वर्षं कमी पैशांतले स्टंटपट काढत राहिला. साधारण ६५ हजारांत एक चित्रपट. कथा त्याची, मारामारी त्याची, कपड्यांची निवड त्याची, युनिटच्या जेवणाचा बंदोबस्तही त्याचाच. मद्रासकडे जाऊन त्याने तमिळ चित्रपटही केले. १९४१ सालचा ‘वनमोहिनी’ त्यांतला गाजलेला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली ती या तमिळ चित्रपटांतच. एक पैलवान गडी आणि एक सुरेल गडी यांची मैत्री तिथे जुळली. पुढे तिने दोघांचं नशीब पालटलं.

त्या काळातले भगवानचे बहुतेक चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत. बॉम्बे टॉकीजचे जपले गेले, अभ्यासले गेले. गिरणगावाच्या आवडीचे चित्रपट जपावेत असं कुणाला वाटलं नाही. आपल्या चित्रपटेतिहासाची निम्मी पानं अशी अंगमेहनतीच्या बाजूची गळालेली आहेत.

एक थप्पड

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’चं चित्रण चालू असताना एक प्रसंग घडला. भगवानने ललिता पवारांच्या थोबाडीत मारायचं होतं. येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई तेव्हा नायिका होत्या, स्वतःही साहसपटांत कामं केलेल्या. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची नस दुखावली, एका बाजूला लकवा आला, जवळपास तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कारकीर्द तिथे थांबली.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी अशी छापून येते, की समोर नवखा नट होता, त्याला अंदाज आला नाही. भगवान नवखा नव्हता. त्याला पडद्यावर येऊन अकरा वर्षं झाली होती, दिग्दर्शन करून चार. त्याच्या जगात मार पोचला पाहिजे अशी समजूत होती, कारण त्याचा प्रेक्षक आखाड्याच्या कडेला बसून डाव पाहणारा होता आणि खोटा हात लगेच ओळखायचा. तालमीत समोरचाही पैलवान असतो, त्याची मान तयार असते. सिनेमात समोर कोण आहे यावर हाताचं वजन ठरतं. सेटवर ते ठरवणारा तिसरा माणूस हवा असतो. फाइट मास्टर हा हुद्दा पुढे भक्कम झाला, त्यामागे अशा अपघातांचं ओझं आहे.

ललिताबाई उठल्या. त्याच बारीक झालेल्या डोळ्याने त्यांनी हिंदी सिनेमाला खाष्ट सासू दिली. ‘अनाडी’साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला, ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेपर्यंत काम केलं. अपघाताने चेहरा बदलला आणि त्या बदललेल्या चेहऱ्यावर त्यांनी दुसरी कारकीर्द उभी केली. स्टंटच्या धंद्यात जखम झालेल्या किती जणांना ही संधी मिळाली? त्यांच्याकडे नटीचं नाव होतं, म्हणून दुसरा डाव खेळता आला. नाव नसलेल्याचा पहिल्याच डावात खेळ संपतो.

पैलवानाचा नाच

१९४२ साली भगवान निर्माता झाला. १९४७ साली चेंबूरला त्याने जागृती स्टुडिओ उभा केला. १९४९ चा ‘भेदी बंगला’ गाजला. राज कपूरने त्याला सांगितलं, आता एक सामाजिक चित्रपट काढ. त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक, सगळं मास्टर भगवान. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. रंगभूमीवर नट व्हायचं वेड घेतलेल्या गरीब कारकुनाची गोष्ट. त्या वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ होते. त्यांच्या बरोबरीने हा जाड्या, बसक्या बांध्याचा, राजबिंडा म्हणता येणार नाही असा मराठी नायक चालला.

‘अलबेला’तला भगवानचा नाच नीट पाहण्यासारखा आहे. तो फारसा हलतच नाही. वजन एका पायावर, दुसरा पाय नुसता टेकलेला. गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली. हात कोपरातून अर्धवट उघडे, बोटं सैल. खांदे तालावर वर-खाली होतात, मान थोडी मागे आणि चेहऱ्यावर कुणाची तरी खोडी काढल्यासारखं हसू. मध्येच एक गिरकी आणि लगेच पाय पुन्हा जमिनीत रोवलेले. ही नाचाच्या शाळेत शिकलेली अदा नाही. कुस्ती सुरू होण्याआधी दोन मल्ल एकमेकांचा अंदाज घेत फिरतात तेव्हाचा पवित्रा आहे हा. त्यातली झडप काढून टाकली आणि ताल घातला, की भगवानचा नाच उरतो. शेजारी गीता बाली पाऱ्यासारखी खेळते, म्हणून त्याचा ठेहराव आणखी उठून दिसतो.

विठ्ठलला न जमलेलं त्याने इथे जमवलं. बोलपटाने अंगाला दुय्यम ठरवलं होतं. भगवानने अंग गाण्यात नेलं. हिंदी सिनेमात मारामारीला प्रतिष्ठा नसली तरी गाण्याला होती, आणि गाण्यात अंग चालत होतं. गळा चितळकरांचा, शेजारी लता मंगेशकरांचा, अंग भगवानचं. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाच येत नाही तोही ज्या तऱ्हेने नाचतो, तिच्यात भगवानदादांचा मोठा वाटा आहे. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरच्या नाचातही ती लकब सरळ दिसते. उंच माणसाने ती उचलली आणि ती आणखी लांबवर पोचली.

‘अलबेला’ने भगवानला जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला दिला. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात गाड्या दिल्या. ‘झमेला’, ‘लाबेला’ असे त्याच वळणाचे चित्रपट त्याने काढले, ते त्या उंचीला पोचले नाहीत. स्वतःचे पैसे घालून चित्रपट काढायचे, पडले की घर विकायचं, हा मराठी निर्मात्याचा जुना रोग त्यालाही होता. बंगला गेला, गाड्या गेल्या. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांत तो लहान भूमिकांत दिसला. मग भूमिका आणखी लहान होत गेल्या: गाण्यात मध्येच येऊन दोन ठेके धरून जाणारा म्हातारा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, मानधन त्या मानाने किरकोळ. दादरच्या चाळीत ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ साली त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाईंनी भगवानदादा उभे केले.

बाप पडला, मुलगा उभा राहिला

भगवानच्या यशातली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. त्याला नायक दुसऱ्या कुणी केलं नाही. पैसा त्याचा, कॅमेरा त्याचा, म्हणून चेहराही त्याचा. पुढच्या काळात हे पुन्हा पुन्हा दिसतं. मंगळूरकडून मुंबईत आलेले एम. बी. शेट्टी मुष्टियोद्धा होते, फाइट मास्टर झाले. टक्कल आणि देहयष्टी इतकी जबरदस्त की खलनायकाचा साथीदार म्हणून त्यांना चेहरा मिळाला. पण त्या चेहऱ्याला संवाद फार मिळाले नाहीत. त्यांचा मुलगा रोहित शेट्टी मोठा दिग्दर्शक झाला. अमृतसरहून आलेले वीरू देवगण यांनी ऐंशीच्या आसपास चित्रपटांच्या मारामाऱ्या बांधल्या. त्यांचा मुलगा अजय १९९१ साली ‘फूल और काँटे’त दोन धावत्या मोटारसायकलींवर पाय ठेवून आला आणि पहिल्याच शॉटमध्ये नायक ठरला. हाडं बापाने मोडून घेतली, चेहरा मुलाला मिळाला.

बायकांच्या वाट्याला तेवढंही नाही. रेश्मा पठाण १९६८ साली, चौदाव्या वर्षी या धंद्यात आल्या. ‘शोले’त बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा लगाम त्यांच्या हातात होता. टांगा उलटण्याच्या शॉटमध्ये त्या जखमी झाल्या. देशाने तो टांगा शेकडो वेळा पाहिला, हाकणारीचं नाव कळायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. २०१९ साली आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाने ‘द शोले गर्ल’ केला तेव्हा ते घरोघर पोचलं. याउलट व्ही. शांताराम ‘दो आँखें बारह हाथ’साठी स्वतः बैलाशी झुंजले, डोळ्यांना इजा झाली, ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. हिरोने केलं की आख्यायिका होते. फायटरने केलं की त्या दिवसाची हजेरी लागते.

एक अपवाद आहे, आणि तो मराठी माणसामुळे घडला. विद्युत जामवाल लहानपणापासून केरळात कळरीपयट्टू शिकलेला. २०११ साली ‘डोंबिवली फास्ट’वाले निशिकांत कामत यांनी त्याला ‘फोर्स’मध्ये खलनायक म्हणून घेतलं. कामतांनी त्याच्या कसरतीला व्यक्तिरेखेचा भाग केलं: त्याची उडी आणि त्याचा थंडपणा एकाच माणसाचे वाटतात. पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, दोन वर्षांत ‘कमांडो’चा नायक झाला. दिग्दर्शकाला दृष्टी असली की भिंत एका चित्रपटात पडते, एवढं यातून सिद्ध झालं. हाँगकाँगात हे आधीच झालं होतं. ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये नाव नसलेल्या गर्दीत मार खाणारा जॅकी चॅन काही वर्षांत आशियाचा सर्वांत मोठा नट झाला. तिथल्या दिग्दर्शकांना पडणं हाही अभिनय वाटत होता.

मढच्या रस्त्यावर आज

काळ काहीसा बदलला आहे. मूव्ही स्टंट आर्टिस्ट्स असोसिएशन ही मुंबईतल्या फायटरांची संघटना आहे. २०१७ साली अक्षय कुमारच्या पुढाकाराने स्टंट कलाकारांसाठी अपघात विमा सुरू झाला, शेकडो जण त्याखाली आले. ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘बाहुबली २’च्या मारामाऱ्यांसाठी अब्बास अली मोगल यांना गौरवलं गेलं. ऑस्करवाल्यांनीही २०२५ साली जाहीर केलं, की २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार देणार. म्हणजे शंभरी गाठताना त्यांना ही आठवण झाली.

त्याच २०२५ सालच्या जुलैमध्ये तमिळनाडूत नागपट्टिणमजवळ एस. एम. राजू या अनुभवी स्टंटमनचा गाडी उलटवण्याचा शॉट देताना मृत्यू झाला. वर्षानुवर्षं गाड्या उडवणारा माणूस. त्याचं नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते बातमीत.

मराठीत सध्या ऐतिहासिक चित्रपटांची लाट आहे. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या चित्रपटांनी तलवार आणि दांडपट्टा पुन्हा पडद्यावर आणला. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी जे कोल्हापुरात केलं तेच हे काम, जास्त कॅमेऱ्यांनी. म्हणून मराठी निर्मात्यांना तीन गोष्टी सांगायला हरकत नसावी. पहिली, लढाईत पडणाऱ्या प्रत्येक मावळ्याचा आणि प्रत्येक गनिमाचा त्या दिवसाचा विमा उतरवा. ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर सेटच्या दाराशी उभा ठेवा, हॉस्पिटल किती दूर आहे ते शूटिंगच्या आधी पाहा. मढहून तातडीने बाहेर पडायला एकच चिंचोळा रस्ता आहे, हे तिथे काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसरी, नायकाच्या डुप्लिकेटचं नाव नायकाच्या श्रेयनामावलीत, दिसेल अशा अक्षरात द्या. नायक लहान होत नाही. तिसरी आणि महत्त्वाची, पात्रनिवड करताना फायटरांना संवाद वाचायला बोलवा. दहांतल्या नऊ जणांना जमणार नाही. दहावा विद्युत असेल नाहीतर भगवान.

मास्टर विठ्ठलला संवाद म्हणता येईनात म्हणून ‘आलम आरा’त गुंगीत ठेवावं लागलं, हे आपण हसत सांगतो. त्यानंतरच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत फायटरांना संवाद देऊनच पाहिला नाही, हे हसण्यासारखं नाही. नटांची टंचाई असल्याची तक्रार करणाऱ्या धंद्याने आधी आपल्याच सेटवर, खोक्यांच्या ढिगावरून उठून अंग झटकणाऱ्या माणसाकडे पाहावं. ऑडिशनला खर्च काही येत नाही.